फ्रीझरमध्ये टाक

"आई, क्रिकेट्स सरळ फ्रीझरमध्ये टाक. गुंड्या झोपलाय तर कशाला त्यांचं करत बसतेस?" एवढं बोलून चिरंजीव मागे कुणाच्या तरी विनोदावर हसायला लागले. क्रिकेट्स म्हणजे रातकिडे, आमच्या पाळीव सरड्याचा, गुंड्याचा, खाऊ. फोन ठेवला, भांडी आवरली, ओटा पुसला, आणि मग लक्षात आलं की आपल्याला राग आलाय.

सल्ला चुकीचा नाही. थंडीनं किडे आधी सुस्तावतात, मग मरतात. बाकी उपायांपेक्षा हा बराच म्हणायचा. मग राग कशाचा?

गुंड्या डिसेंबरपासून लाकडाच्या ओंडक्याखाली झोपलाय. बेअर्डेड ड्रॅगन जातीचे सरडे हिवाळ्यात असे झोपतात, कधी कधी दोन-तीन महिनेसुद्धा. ब्रुमेशन म्हणतात त्याला. त्या दिवसांत त्याला खायला घालायचं नसतं. अंग थंड असलं की पचन होत नाही, आणि खाल्लेलं पोटात सडतं. पाणी द्यायचं, अधूनमधून काट्यावर वजन बघायचं, आणि गप्प बसायचं. टाकीत किडे सोडून ठेवायची तर सोयच नाही, ते झोपलेल्याला कुरतडतात. म्हणजे तळघरातल्या किड्यांच्या खोक्याला सध्या गिऱ्हाईक नाही. एवढं मलाही कळतं.

पण खोक्याचं काम काही थांबत नाही. पाण्याची वाटी ठेवली की बुडून मरतात, म्हणून गाजराची चकती किंवा संत्र्याची फोड. ती शिळी झाली की बुरशी, म्हणून रोज बदलायची. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावायचे, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि त्यांना लपायला जागा मिळते. झाकणाला जाळी हवीच. दमट हवा कोंडली की अमोनियाचा वास सुटतो आणि सकाळी ढीगभर मेलेले. खाण्यात प्रथिनं कमी पडली तर एकमेकांचे पंख खातात. हे सगळं मी शिकले. ज्यानं हट्टानं तो प्राणी आणला त्यानं नव्हे. तो आपला दोनशे मैलांवर डाळ-तांदळाचा कुकर लावायला शिकतोय, म्हणजे निदान सांगतो तरी तसं. यांनी तळघरात एकदाच पाऊल टाकलं आणि "हे काय किरकिरतंय" म्हणून वर आले. ताईला सांगावं तर ती म्हणेल, पहिल्यापासून तुझं असंच. तो विषय नको.

त्यातून या सगळ्या मेहनतीला अर्थ एकच. किड्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस कितीतरी जास्त. नुसतेच घातले तर गुंड्याची हाडं मऊ पडतील. म्हणून घालायच्या आधी एक-दोन दिवस त्यांना चांगलंचुंगलं खायला द्यायचं, आणि ऐन वेळी पिशवीत कॅल्शियमची पावडर टाकून, शंकरपाळ्यांना पिठीसाखर लावतात तसे हलवायचे. त्यांच्या पोटातून ते त्याच्या पोटात. आता खाणाराच नाही, तरी मी काल त्यांना केल नावाच्या पालेभाजीची पानं निवडून घातली. देठ काढून.

आणि हिशेब बघा. अंड्यातून निघून पूर्ण मोठं व्हायला उबेत या किड्यांना सहा ते आठ आठवडे, त्यानंतरचं आयुष्य काही आठवड्यांचंच. गुंड्या डोळे उघडेल तेव्हा आजच्या मोठ्यांपैकी एकही नसणार. हीटपॅड बंद केला तर वाढ मंदावेल, जरा टिकतील. पण मग अंगावर काटा आल्यासारखे एका कोपऱ्यात गोळा होतात. मी पुन्हा चालू केला.

सकाळी ट्रेच्या खळग्यात एक उलटा लटकलेला दिसला. पाठ उभी चिरली होती आणि आतून पांढराफटक, जवळजवळ पारदर्शक दुसरा किडा बाहेर सरकत होता. आधी डोकं, मग मिशा एकेक करून, त्या लांबच लांब, ओढून काढाव्या तशा. कात टाकल्यावर काही तास अंग मऊ असतं, तेवढ्यात बाकीचे येऊन खाऊन टाकतात. दोघे त्याच्या दिशेनं निघालेच होते. मी पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये आडवा धरला आणि तशीच उभी राहिले. चहा गार झाला. एरवी ज्याला मी चिमट्यानं उचलून सरड्यासमोर धरते, त्याच्यासाठी.

हे चिरंजीवांना सांगितलं तर हसतील. हसू देत. मला तरी कुठे कळतंय. कुणीतरी खाणार म्हणून करायचं, आणि खाणारा नसला की थांबवायचं, हे एवढं सोपं असतं तर मी ऑगस्टपासून अजून तिघांची कणीक मळली नसती.

शिवाय फ्रीझरमध्ये जागा कुठाय? नारळाचा चव, मेथी, वाटाणे, भारतातून आणलेल्या पुरणपोळ्या. त्यांच्या शेजारी किड्यांचा डबा? मी त्याला तसंच लिहून पाठवलं: स्प्रिंग ब्रेकला येशील तेव्हा तू ठेव. उत्तरादाखल नुसता अंगठा आला.

मधल्या काळात माद्यांनी ओल्या मातीच्या डबीत अंडी घातली आहेत. उबेत पंधरा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं निघतील. ती मोठी होईपर्यंत गुंड्या उठलेला असेल. म्हणजे कारण मिळालं.

यांना फोन करून सांगितलं, येताना दोन किलो गाजरं आणा. "हलवा करतेस?" खूश होऊन विचारलं. हो म्हटलं.