यादीतले डॉक्टर आणि दारातली माणसं

‘‘जीव द्यावासा वाटतोय का?’’ हा प्रश्न एका माणसाने दुसऱ्याला मॅक अँड चीज वाढता वाढता विचारला आणि मी गारच पडले. आवाज खाली नाही, प्रस्तावना नाही. विचारणारे सत्तरीचे, निवृत्त बस ड्रायव्हर. ज्याला विचारलं तो इथे अमेरिकेतला आमचा वरच्या मजल्यावरचा शेजारी. दोघंही कृष्णवर्णीय, दोघंही गे. शेजारी म्हणाला, ‘‘आज नाही. मंगळवारी वाटत होतं.’’ ‘‘मग मंगळवारी फोन का नाही केलास?’’ यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि मग आम्ही जेवलो.

(शेजाऱ्याला विचारूनच लिहितेय. नाव नको, बाकी खुशाल लिही, म्हणाला.)

आमच्या मुलाला गाडी चालवायला यानेच शिकवलं. गणपतीत आरतीला टाळ वाजवायला हाच; चर्चच्या कॉयरमध्ये वाढल्यामुळे तालाला आमच्या घरातल्या सगळ्यांपेक्षा पक्का. त्याची आई गेली तेव्हा त्या चर्चमध्येच अख्खी वस्ती जमली होती, आणि त्याच चर्चमध्ये प्रवचनातून त्याच्यासारख्यांना अधूनमधून नरकात पाठवलं जातं. सोडवत नाही आणि सोसवत नाही. मागच्या हिवाळ्यात तो खाली यायचाच बंद झाला.

डॉक्टरांनी डिप्रेशन किती ते पाहायला नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला, गोळ्या दिल्या, ‘थेरपिस्ट शोधा’ म्हणाले. विमा कंपनीने यादी दिली. फोन करायला मी बसले, कारण डिप्रेशनमधल्या माणसाला असे फोन करायला लावणं म्हणजे मोडलेल्या पायाने जिना चढायला सांगणं. एक नंबर बंद. एक दातांच्या दवाखान्याचा. एक बाई कधीच निवृत्त झालेल्या, पण बोलल्या फार गोड. एका ठिकाणी ‘मेसेज ठेवा’ आणि मेसेजची पेटी भरलेली. एक महाशय भेटले, ते विमाच घेत नाहीत. मग यादीत कशाला आहात हो? तर म्हणे, नाव काढायला सांगून वर्षं झाली. मला वाटलं आमचंच नशीब फुटकं. पण न्यू यॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या, कार्यालयाने अशाच याद्यांवरच्या चारशेच्या आसपास मानसोपचार देणाऱ्यांना फोन करून पाहिले, त्यांचा अहवाल २०२३ मध्ये आला. ८६ टक्के नावं निकामी. आपल्याकडे सरकारी इस्पितळात रांग असते, मान्य, पण रांगेच्या टोकाला डॉक्टर बसलेला तरी असतो!

त्यात शेजाऱ्याची अट, थेरपिस्ट कृष्णवर्णीय हवा. आमच्या ह्यांना तो हट्ट वाटला. मला नाही वाटला. आधीच्या गोऱ्या थेरपिस्टकडे त्याचा निम्मा वेळ पोलिसांनी गाडी थांबवली की छातीत काय होतं, हे समजावण्यातच जायचा. उरलेल्या वेळात काय बोलणार आणि पैसे मात्र पूर्ण तासाचे. २०१५ च्या आकड्यांनुसार इथल्या मानसशास्त्रज्ञांत कृष्णवर्णीय जेमतेम ४ टक्के. शिवाय वैद्यकावरचा अविश्वास हवेतून आलेला नाही. अलाबामात टस्कीगीला १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्यखात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता नुसतं लक्ष ठेवलं. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही.

मग ड्रायव्हरकाका आणि शेजाऱ्यासारखीच आणखी काही माणसं दारात आली. कुणी बोलावलं नव्हतं. एकाने कपडे धुवून आणले, न्हाव्याने घरी येऊन केस कापले, सकाळी सातला फोन करायच्या पाळ्या लागल्या. ड्रायव्हरकाका यात मुरलेले. एड्सच्या पहिल्या लाटेत वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय गे पुरुषांनीच १९८५ मध्ये आपल्यातल्या एचआयव्हीबाधितांसाठी ‘अस हेल्पिंग अस’ हा गट सुरू केला. १९९१ मध्ये बॅनेकर मैदानावर पहिला ब्लॅक प्राइड, म्हणजे कृष्णवर्णीय समलिंगींचा मेळावा, भरला, तोही एड्सविरोधी कामासाठी पैसे उभे करायला. त्या काळात काकांनी किती मित्र पोचवले, ते मोजत नाहीत. आडून विचारायला तेव्हा वेळ नव्हता, म्हणतात. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो, हे डॉक्टरही सांगतात.

मी अभिमानाने शेजाऱ्याला सांगितलं, आमच्याकडे यासाठी गट लागत नाही, घरं भरलेली असतात. सांगलीला माझा मावसभाऊ आहे, पंचेचाळिशीचा, लग्न नाही. आम्ही त्याला कधी छेडलं नाही. दिवाळीला त्याच्यासाठी कमी तिखटाच्या चकल्या वेगळ्या होतात. याला आधार नाही तर काय म्हणायचं? शेजारी म्हणाला, ‘‘त्याला कुणी विचारलंय?’’ म्हटलं, असं विचारत नाहीत, माणसाची अब्रू असते. आणि आमची मावशी चकल्या करते तेव्हा तिला काय कळत नसतं, असं थोडंच आहे?

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. समलिंगींसाठी काम करणारी ‘हमसफर’ ही संस्था मुंबईत १९९४ पासून आहे, पुण्यात ‘समपथिक’ निघाली. १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन मराठीतही लागतो. उलट अमेरिकेनेच ९८८ या संकटकालीन नंबरवरचा एलजीबीटी तरुणांसाठीचा वेगळा पर्याय जुलै २०२५ मध्ये बंद केला. तेव्हा फार शहाणपणा शिकवू नये कुणी. मावसभावाला मात्र मी फोन केला. पावसाबद्दल बोललो.

शेजाऱ्याला थेरपिस्ट मिळाला. न्हाव्याच्या एका गिऱ्हाइकाच्या ओळखीतून, व्हिडिओवर, दर गुरुवारी. त्याच आठवड्यात विमा कंपनीचा ईमेल आला, आमच्या यादीबद्दल किती समाधानी आहात, एक ते पाच. खाली ‘आणखी काही सांगायचं असल्यास’ असा रकाना होता. पाचशे अक्षरांचाच, पण मी इंग्रजीत पुरवून पुरवून भरला.