फ्रेमवर्क काढा, पण मुदत सांगून

मोठ्या कंपन्यांनी नवं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क (वेब-ॲप बांधायचा तयार सांगाडा) जरूर काढावं, पण आधाराची, म्हणजे दुरुस्त्या किती काळ मिळतील याची, मुदत पहिल्याच दिवशी जाहीर करावी. गूगलचं अँग्युलरजेएस 2010चं. 2016 साली आलेलं अँग्युलर 2 मुळापासून वेगळं, आणि 2021अखेर जुन्याचा आधार संपला. इथे इंदूरला सियागंजातल्या व्यापाऱ्याचं बिलिंग एकदा बसलं की वर्षानुवर्षं हलत नाही! एनजीअपग्रेड या गूगलच्याच जोड-साधनाने जुनं-नवं दोन्ही शेजारी चालतात खरी, पण ब्राउझरला दोन्ही उतरवावी लागतात, पान जड होतं. खरी अडचण वेगळीच: जीएसटीचा हिशेब कंट्रोलरमध्ये (पान चालवणाऱ्या कोडमध्ये), डॉलर-स्कोपला, म्हणजे पानाशी माहिती जोडणाऱ्या अँग्युलरजेएसच्या ऑब्जेक्टला, चिकटवून लिहिलेला असतो, तो सुटा निघत नाही. दर, कर, राउंडिंग साध्या फंक्शनांत, वेगळ्या फाइलीत ठेवा. फ्रेमवर्कने फक्त आकडा दाखवावा. हल्ली अँग्युलरच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला 18 महिने आधार मिळतो. गिऱ्हाइकाला देखभालीचे पैसे ती मुदत धरूनच सांगा.