गोळी मेंदूवर काम करते, म्हणून दुखणं मनाचं नसतं

नणंद दिवाळीला आली होती. टेबलावरचं ड्युलोक्सेटिनचं पाकीट बघून तिनं मोबाइलवर नाव शोधलं आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "वहिनी, ही डिप्रेशनची गोळी आहे ना? तुम्हाला कसलं टेन्शन आहे का?" तिला काळजीच होती. पण मला आहे तो फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार, असलेल्या कितीतरी जणी या प्रश्नाला घाबरून गोळी लपवून घेतात, नाहीतर सोडूनच देतात. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या रक्ताच्या तपासण्या नॉर्मल येतात. सांधे सुजलेले नसतात. तरी मान, खांदे, कंबर ठणकत राहते आणि रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आलेलं असतं. बिघाड असतो तो वेदना वाहून नेणाऱ्या मज्जासंस्थेत. भजनाच्या माइकचा आवाज कुणी चढवून ठेवावा आणि कुजबुजसुद्धा कानठळ्या बसवणारी व्हावी, तसं. डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरला इथे फारसं काही करता येत नाही. त्या रोज घेतल्या तर पोटाला आणि किडनीला त्रास, एवढंच.

मेंदूकडून मणक्यात वेदना दाबणारे संदेश उतरतात, त्यांना सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही मज्जासंस्थेतली रसायनं लागतात. ड्युलोक्सेटिन ती वाढवतं. डिप्रेशन नसलेल्या रुग्णांनाही त्याचा उपयोग झाल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. अमिट्रिप्टिलिन ही डिप्रेशनचीच आणखी एक गोळी तर आम्हाला बहुधा रात्री १० ते २५ मिलिग्रॅमच देतात, डिप्रेशनसाठीचा डोस याच्या कितीतरी पट असतो. नणंदेला हे सांगितल्यावर तिचा चेहरा निवळला.

माझी दुसरी गोळी प्रीगाबालिन. हे मूळचं फिट्स आणि नसांच्या दुखण्याचं औषध. यानं झोप लागली, पण सकाळी गुंगी राहायची, पाय सुजायचे, वजन वाढलं. स्कूटर चालवायची भीती वाटू लागली. डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, तेव्हा त्यांनी डोस कमी केला आणि गोळी संध्याकाळी लवकर घ्यायला सांगितली. सोसत बसू नका, सांगा. आणि या दोन्ही गोळ्या एकदम बंद करू नका. गावाला जाताना पाकीट संपत आलंय का, हे आधी बघायचं. ड्युलोक्सेटिन चालू असताना कुणी ट्रॅमाडॉल हे पेनकिलर लिहून दिलं तर आधीची गोळी दाखवा, दोन्ही मिळून सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

अमेरिकेच्या एफडीए या औषध संस्थेनं २००७ मध्ये प्रीगाबालिनला, २००८ मध्ये ड्युलोक्सेटिनला आणि २००९ मध्ये ड्युलोक्सेटिनसारख्याच मिलनासिप्रानला या आजारासाठी मान्यता दिली. युरोपच्या औषध संस्थेनं मात्र फायदा पुरेसा नाही म्हणून तिन्हींना नकार दिला. मला हे वाचून धीरच आला. गोळी काहींना बरी लागते, काहींना अजिबात नाही, म्हणजे एखादी लागू पडली नाही तर दोष आपल्या अंगाचा किंवा मनाचा नव्हे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी २०१६ मध्ये ठामपणे शिफारस केली ती एकाच गोष्टीची, व्यायामाची. माझं दुखणं चालल्यानं पूर्ण गेलेलं नाही. पण गोळीमुळे झोप लागते, झोप झाली की सांगलीच्या आमराईत फेरी मारायला पाय उचलतात.

पुढच्या महिन्यात दाखवायला जायचं आहे. प्रीगाबालिन आणखी कमी करता येईल का, हे विचारायचं ठरवलंय. नणंद म्हणाली, "मी येते सोबत."