तुम्ही विचारलंत म्हणून: खुल्या बाजारवाल्याने कांद्याचं अनुदान का घेतलं

हा प्रश्न मला कुठे कुठे गाठतो याची यादी केली तर मजा येईल. लग्नाच्या पंगतीत, कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, एकदा तर दाताच्या डॉक्टरने विचारलं, माझं तोंड उघडं असताना. "तू तर खुल्या बाजारवाला ना रे, मग २०२३ ला कांद्याचं अनुदान कसं काय घेतलंस?" डावे मित्र हे हसत विचारतात. बाजारवाले मित्र रुसून विचारतात, जसं काही मी त्यांच्या घरातली पोरगी पळवली.

आधी रक्कम सांगून टाकतो, कारण काही जणांना वाटतं लाखभर तरी मिळाले असतील. भाव पडल्यावर राज्य सरकारने विकलेल्या कांद्यावर दिलेलं अनुदान ते. ८४ क्विंटल, क्विंटलला ३५० रुपये, झाले २९,४००. सातबारा वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या नावावर, सही अण्णांची, खातं अण्णांचं. पण मागे मी लागलो, फॉर्म मी भरला, म्हणजे घेतलं मीच. तिथे मी पळवाट काढत नाही.

आता माझं ठरलेलं उत्तर. ज्याने खिसा कापला तोच बसभाड्याला वीस रुपये देत असेल तर ते घ्यावेत, त्याने तो दाता होत नाही आणि आपण भिकारी होत नाही. हे मी इतक्यांदा म्हटलंय की आता बायको माझ्याआधी म्हणते. आणि खिसा कापल्याचे पुरावे ढिगाने आहेत हो. १९९८ ला दिल्लीची निवडणूक कांद्याने फिरवली असं सगळ्यांनी मनाशी धरलं, तेव्हापासून कुठलाही पक्ष असो, शहरात कांदा चढला की हात थेट निर्यातीच्या नळावर. डिसेंबर २०१० ला बंदी, तेव्हा सरकार कोणाचं होतं आठवा. सप्टेंबर २०१९ ला बंदी, तेव्हा कोणाचं होतं तेही आठवा. त्या वेळी बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन हसत हसत बोलून गेल्या की मी आमच्या स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, पुढच्या वेळी जरा आधी कळवत जा. सगळा हॉल हसला. मला नाही हसू आलं, कारण गिऱ्हाईक इतक्या गोडीने बोलायला लागलं की समजायचं तो दुसरं दुकान बघतोय.

पण २०२० बद्दल बोलायलाच हवं, कारण तिथे मी स्वतः उताणा पडलोय. जूनमध्ये शेतीचे अध्यादेश आले आणि मी रात्री एक वाजता लांबलचक पोस्ट टाकली. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तीस-चाळीस वर्षं जे मागितलं ते आज आलं, आवश्यक वस्तूंच्या कायद्यातून कांदा सुटला, आता साठ्याची भीती नाही, व्यापारी बिनधास्त घेईल, वगैरे वगैरे. अण्णांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, "कांदा शंभरला जाऊ दे, मग बोलू." मला वाटलं म्हातारपण, दुसरं काय. तर १४ सप्टेंबरला निर्यातबंदी. त्यानंतर आठवड्याभरात संसदेत कायद्यातली ती दुरुस्ती मंजूरही झाली, आणि २३ ऑक्टोबरला त्याच सुधारलेल्या कायद्याखाली कांद्याला साठामर्यादा, घाऊकवाल्याला २५ टन, किरकोळवाल्याला २ टन. लासलगावला लिलाव बंद पडले. कायद्यात तशी सोय ठेवलेलीच होती, भाव दुप्पट झाला की लावा मर्यादा, आणि मी ते कलम वाचलं होतं! वाचून सोडून दिलं होतं, कारण मला आनंद व्हायचा होता. ती पोस्ट अजून तशीच आहे, काढली नाही. खाली एकाने नुसता कांद्याचा इमोजी टाकलाय, त्याला अठ्ठावन्न लाइक.

आणि मीडियाबद्दल मी फार कडवट बोलतो असं म्हणता, तर त्याचंही कारण घरचंच आहे. २०१३ ला मी मुंबईत एका न्यूज चॅनेलच्या डेस्कवर होतो. ऑगस्टमध्ये कांदा चढला आणि "कांद्याने केला वांदा" ही पट्टी माझ्या हातून गेली, दिवसभर चालली, साहेबांनी शाबासकी दिली. आमच्याकडे एका भाजी मार्केटचं जुनं फुटेज होतं, हिरव्या साडीतल्या एक बाई कांदा हातात घेऊन परत ठेवतात, एवढंच सहा सेकंदांचं. दर वेळी भाव वाढला की त्याच बाई. त्यांना कुठल्या साली शूट केलं कोणालाच ठाऊक नव्हतं, बहुतेक त्यांची पोरं एव्हाना नोकरीला लागली असतील, पण आमच्याकडे त्या कायम तो कांदा परत ठेवत होत्या. भाव पडल्यावर दाखवायला मात्र आमच्याकडे फुटेजच नसायचं. मी एकदा मीटिंगमध्ये म्हणालो की सहा रुपयांची पण बातमी करू, तर उत्तर आलं, त्यात बघणाऱ्याचं काय? आणि खरं सांगू, मला ते तेव्हा पटलं. चॅनेल विकणार कोणाला, तर बघणाऱ्याला, आणि बघणारा कांदा विकत घेतो, पिकवत नाही. बाजारच तो. माझाच देव तिथे बसला होता आणि मी त्याला शिव्या कशा देणार.

असो. आता माझ्या त्या खिसाकापूवाल्या उत्तरातलं भोक, जे विचारणाऱ्यांपैकी अजून एकालाही दिसलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्यात चालू होती. बंदी नव्हती, निर्यातशुल्क नव्हतं (ते ४० टक्के पुढे ऑगस्टमध्ये आलं), काही नव्हतं. लाल कांदा एकदम आला, ऊन लवकर तापलं, लाल कांद्यात पाणी जास्त म्हणून तो साठवणीच्या चाळीत टिकत नाही, ठेवता येत नाही म्हणून सगळे एकाच वेळी विकायला, आणि भाव झोपला. म्हणजे ज्या एका वर्षी आम्ही अनुदान घेतलं, त्या वर्षी खिसा सरकारने कापला नव्हता. ज्याच्या नावाने मी पोस्टी लिहितो त्या बाजारानेच कापला होता. मी म्हणू शकतो की आधीच्या बंद्यांनी गिऱ्हाइकं तोडली नसती तर तो माल खपला असता, आणि म्हणतोही, पण रात्री अंथरुणात पडल्यावर ते मला स्वतःलाच अर्धं पटतं.

आमची एका ट्रॉलीची हिशोबपट्टी माझ्या पाकिटात आहे. २१ क्विंटल ४० किलो, भाव ४१०, झाले ८,७७४, त्यातून हमाली-तोलाई गेली, ट्रॅक्टरचं भाडं वेगळं. अशा चार खेपा. एकराला खर्च सत्तर हजारांच्या पुढे. गोल्टीला, म्हणजे बारीक कांद्याला, तर दीडशे पण कोणी बोलेना, ती परत आणून बांधाला ओतली.

मार्चमध्ये अनुदान जाहीर झालं, आधी ३०० मग ३५०. अण्णांना सांगितलं तर ते टीव्हीकडे बघत राहिले. अण्णा १० नोव्हेंबर १९८० ला खेरवाडीच्या रेल्वेलाइनवर, शेतकरी संघटनेच्या आंदोलनात होते. एकोणीस वर्षांचे. त्या दिवशी गोळीबारात दोन शेतकरी गेले. अण्णा त्याबद्दल बोलत नाहीत, पण छातीवरचा संघटनेचा लाल बिल्ला मी लहानपणापासून बघतोय, बाजारला जाताना, लग्नाला जाताना, माझ्या शाळेत पालकसभेला येताना सुद्धा, आणि मला लाज वाटायची. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा मी पाढ्यांच्या आधी शिकलो असेन. त्या माणसाला मी म्हणत होतो, अण्णा, फॉर्म भरू.

तीन आठवडे हो-नाही चाललं. शेवटी आईने सोडवलं. ती म्हणाली, सोसायटीच्या कर्जाचं व्याज तुमच्या बिल्ल्यातून भरायचं का. संपलं.

पण सातबाऱ्यावर कांदाच नव्हता. खरिपाचं सोयाबीन होतं, पुढे कोरं. अनुदानाला पिकाची नोंद पाहिजे, आणि नोंद करायची ई-पीक पाहणीच्या ॲपवर, शेतात उभं राहून फोटो काढून. अण्णांकडे साधा फोन. करणार होतो मी, नाशिकहून येऊन, दिवाळीनंतर करतो म्हणालो, मग नाताळात करतो म्हणालो, राहिलं. म्हणजे डिजिटल इंडियाला शिव्या घालायची संधीही मला नाही, चूक माझीच.

अशांसाठी नंतर सोय निघाली, तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांनी पाहणी करून अहवाल द्यायचा. एप्रिलच्या दुपारी तिघं आले. आता बघा, कांदा निघून दोन महिने झालेले, रान नांगरून ढेकळं पडलेली, आणि त्यात तीन माणसं कांदा शोधतायत. तलाठी चांगला पोरगा होता, माझ्यापेक्षा लहान, त्यालाच अवघडल्यासारखं झालेलं. म्हणाला, अण्णा, मी लिहितो हो, पण काही तरी दाखवा, पात, टरफलं, काहीही. मी बांधाने वाकून वाकून टरफलं शोधायला लागलो, वाऱ्याने सगळी उडून गेलेली.

अण्णा काही न बोलता पुढे चालू लागले. बांधाच्या कोपऱ्यात, बाभळीखाली, जिथे आम्ही गोल्टी ओतली होती तिथे. ढीग बसला होता, वरून काळा, आतून पाणी सुटलेलं, माश्या. त्यांनी चपलेने वरचा थर बाजूला केला, आणि म्हणाले, "भाऊसाहेब, वास घ्या."

तलाठ्याने लगेच लिहायला घेतलं. ग्रामसेवक रुमाल नाकाला लावून रस्त्याकडे बघत उभा. मी फोटो काढला, म्हटलं फॉर्मला जोडायला लागेल, आणि काढताना अण्णांनी माझ्याकडे बघितलं ते मी काही इथे लिहू शकत नाही. पाच-सात सेकंद असतील. पुढे तो फोटो कोणी मागितलाही नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार समितीत. रांग पार झेरॉक्सच्या टपरीपर्यंत. पट्ट्या, सातबारा, आधार, पासबुक, सगळ्याच्या दोन दोन प्रती, टपरीवाला त्या आठवड्यात श्रीमंत झाला असणार. अण्णा पांढऱ्या नेहरू शर्टात आले. बिल्ला नव्हता. खिशाच्या वर, जिथे तो वर्षानुवर्षं टोचला, तिथे दोन बारीक भोकं तेवढी होती, इस्त्री केलेल्या शर्टावर ती जास्तच दिसत होती. रांगेत पाच-सहा माणसं सोडून पुढे त्यांच्याच वयाचे एक काका होते, चांदोरीकडचे, लहानपणी आमच्या घरी मुक्कामाला यायचे, संघटनेच्या मेळाव्यांना दोघं एकाच ट्रकने जायचे. दोघांनी एकमेकांना बघितलं हे मी बघितलं. मग दोघांनीही दीड तास बघितलं नाही. काका सही करून निघाले तेव्हा आमच्या अगदी जवळून गेले, अण्णा त्या वेळी आधार कार्डाच्या झेरॉक्सवरचा स्वतःचा फोटो निरखत होते.

बाजारवाल्या मित्रांनो, तुम्ही तत्त्व सोडलं म्हणता ना, तत्त्व सोडताना असं दिसतं. आणि डाव्या मित्रांनो, तुम्ही म्हणता बघ, शेवटी सरकारच लागलं. लागलं. पण ज्या व्यवस्थेत साठ वर्षांच्या माणसाला आपला माल पिकवला होता हे सिद्ध करायला सडका ढीग उकरून दाखवावा लागतो, ती तुम्ही मला खुल्या बाजाराला पर्याय म्हणून विकू नका. मी विकत घेणार नाही. (हे वाक्य लिहिताना बरं वाटलं, पण मागे जाऊन वाचलं तर ढीग सडवला बाजाराने आणि उकरायला लावला सरकारने, दोघांची कामं नीट वाटलेली दिसतात.)

पैसे एकदम नाही आले, तुकड्यातुकड्याने. पहिला तुकडा आला तेव्हा अण्णांनी विचारलं, सगळे आले का? म्हटलं नाही. "मग परत मागायला कधी जायचं?" मागायला. त्यांनी तो शब्द मुद्दाम वापरला की सहज, मी अजून ठरवू शकलो नाही. त्याच वर्षी ७ डिसेंबरला पुन्हा निर्यातबंदी, ती ४ मे २०२४ पर्यंत, तीही उठली तेव्हा किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्काची शेपटी लावून. बंदी चालू असतानाच गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला वाट मिळाली, त्यावरून आमच्याकडे काय झालं ते लोकसभेच्या निकालात दिंडोरीने, आमच्या कांद्याच्या पट्ट्यातल्या मतदारसंघाने, सत्ताधाऱ्यांना पाडून दाखवलं. त्या पाच महिन्यांत माझं खिसाकापूवालं उत्तर परत शंभर टक्के खरं झालं होतं, तर तेव्हा मला एकानेही प्रश्न विचारला नाही.

गेल्या आठवड्यात परत एकाने विचारलं म्हणून हे सगळं लिहायला बसलो, आणि अर्ध्यावर अण्णांना फोन लावला. म्हटलं, उद्या परत असंच अनुदान निघालं तर भरायचा का फॉर्म? बराच वेळ काही नाही, मागे मोटरीचा आवाज येत होता.

"ई-पीक पाहणी केलीस का?" म्हणाले.