तेलाच्या डब्यावरची तारीख

आमच्या ओट्याखाली तेलाचा पाच लिटरचा डबा असतो आणि त्याच्या झाकणाजवळ मार्करने एक तारीख लिहिलेली असते. पाहुण्यांना ती तेल खराब होण्याची तारीख वाटते. प्रत्यक्षात डबा ज्या दिवशी फोडला, त्या दिवसाची ती नोंद आहे. गेल्या अडीच वर्षांत माझे वजन ७४ किलोंवरून ६५ वर आले आणि तेथे टिकले, याचे श्रेय मी कोणत्याही आहारतक्त्यापेक्षा अशा क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींना अधिक देते.

त्याआधीही एकदा मी वजन उतरवले होते. पुतण्याच्या लग्नापूर्वीचे तीन महिने भात, पोळी, साखर सगळे वर्ज्य करून सहा किलो कमी केले, पैठणीवरचे ब्लाउज दोनदा आत घेतले, आणि वर्ष उलटायच्या आत तेच ब्लाउज शिवणी उसवण्यासाठी त्याच शिंप्याकडे नेले. त्याने काही विचारले नाही, हा त्याचा चांगुलपणा. त्या तीन महिन्यांत मी निग्रह भरपूर केला होता. अंगवळणी मात्र एकही गोष्ट पडली नव्हती. लग्न पार पडले आणि निग्रहाचे कारणच संपले.

दुसऱ्या खेपेला काही बंद करण्याआधी मी स्वतःवर आठवडाभर नजर ठेवली, तेव्हा कळले की माझे खरे दुखणे जेवणात नसून जेवण झाल्यावर होते. पातेल्यात उरलेला दोन घास भात, मुलाच्या पानातली अर्धी पोळी, कढईच्या बुडाशी राहिलेली बटाट्याची भाजी हे सारे ‘आता एवढ्याशासाठी वाटी कुठे अडकवायची’ असे म्हणत मी आवराआवर करताना उभ्यानेच संपवत असे. हे खाणे मी कधी खाण्यात धरलेच नव्हते. त्या आठवड्यात ते घास तोंडाऐवजी एका वाटीत काढत गेले, तर रोज रात्री साधारण एक पोळी आणि मूठभर भात निघाला. अन्न टाकू नये हा आईचा संस्कार मला आजही मान्य आहे. पण टाकायचे नाही म्हणजे आपल्याच पोटात टाकायचे, हा अर्थ माझा मी लावला होता. आता पाने घेण्यापूर्वीच झाकणाचे दोन छोटे स्टीलचे डबे ओट्यावर मांडलेले असतात, उरलेले त्यांत जाते आणि सकाळी फोडणीचा भात किंवा फोडणीची पोळी होऊन न्याहारीच्या हिशेबात येते. पुढे तांदळाच्या डब्यातली मापाची वाटीच लहान केली, तेव्हा उरणेही कमी झाले.

सवय एकवीस दिवसांत लागते, असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे केलेला जो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एखादी कृती आपोआप घडू लागायला लागणाऱ्या काळाचा मधला आकडा ६६ दिवसांचा आला आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त धीर देऊन गेली: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरावर दूधवाल्याचे खाडे मांडतात, त्याशेजारीच मी माझे खाडे मांडू लागले. दूधवाला एक दिवस आला नाही म्हणून आपण दूध बंद करत नाही.

तेलाचे गणित मात्र मी कागदावर केले. पाच लिटर तेल म्हणजे सुमारे साडेचार किलो. आम्हा चौघांत तो डबा २८ दिवसांत संपे, म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅम; एका ग्रॅममागे नऊ कॅलरी धरल्या, तर केवळ तेलातून ३६० कॅलरी आणि त्याही बाहेरचा वडापाव न धरता. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. मी बरणीतून थेट धार धरत असे आणि ती पसरट कढईत धरत असे, जिथे दोन चमचे तेल पसरून दिसेनासे होते आणि हात पुन्हा बरणीकडे जातो. आता फोडणी छोट्या कढल्यात होते. त्यात एक चमचा तेलातही मोहरी नीट तडतडते आणि ती फोडणी शिजलेल्या भाजीवर ओतली, की घरात कोणाला फरक कळत नाही. सासूबाईंना कळला, पण त्यांनी तो तिखटाच्या खात्यावर घातला. आज डबा सरासरी ४२ दिवस जातो, म्हणजे माणशी २७ ग्रॅम.

बाकीचे थोडक्यात सांगते. चहातली साखर एकदम न तोडता दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आणायला चार महिने लागले. रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली वीस मिनिटांची झाली. एकादशीचा उपवास मी सोडला नाही, पण साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर आणि ताक घेते, कारण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या घराकडे बघूनच केली असावी. काटा महिन्यातून एकदा, आणि शिवणाच्या टेपने कमरेचा घेरही तेव्हाच मोजते. भारतीय स्त्रियांसाठी तो ८० सेंटीमीटरच्या आत असावा असे डॉक्टर सांगतात आणि माझा अजून ८४ आहे.

दिवाळीत फोडलेला डबा १९ दिवसांत संपला. चकल्या, शंकरपाळे, चिवडा आणि नणंदेकडे पाठवायचा फराळ एवढे सगळे त्यातूनच झाले होते. ती नोंद मी कॅलेंडरावर तशीच राहू दिली आणि नव्या डब्यावर नवी तारीख घातली. आज त्याचा चोविसावा दिवस आहे. सकाळी हलवून पाहिला, तर तेल निम्म्याच्या जरासे खाली आहे.