तुम्ही विचारलंत म्हणून: तैमूरची एवढी चरित्रं कशासाठी?

माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर कुणी उभं राहिलं की प्रश्न ठरलेला: "दिल्लीत कत्तल करणाऱ्या माणसावर एवढं काय वाचायचं?" विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो आणि तो रास्तच आहे.

मी वाचते ते त्या कत्तलीपायीच. डिसेंबर १३९८, मध्य आशियातून चालून आलेल्या तैमूरची दिल्लीची लढाई तोंडावर आलेली. छावणीतले हिंदू कैदी ऐन लढाईत उलटतील या भीतीने तैमूरने त्यांना मारायचा हुकूम सोडला. आकडा एक लाख सांगतात. तो फुगवलेला असेलही. पण हे लिहून कुणी ठेवलं? शरफुद्दीन अली यझदीने. तैमूरच्या नातवाच्या आश्रयाने 'जफरनामा' हे तैमूरचं चरित्र लिहिणारा हा माणूस, पानोपानी तैमूरचे गोडवे गाणारा. त्याच ओघात तो मौलाना नासिरुद्दीन उमर नावाच्या विद्वानाचा उल्लेख करतो. जन्मात कधी मेंढरूही न कापलेल्या या माणसाने हुकमाखातर आपल्या वाट्याचे १५ हिंदू कैदी मारले. यझदीच्या लेखी ही निष्ठेची गोष्ट. मी ते पान वाचलं की पुस्तक मिटून ठेवते, पुढे जाववत नाही. तैमूरविरुद्धचा एवढा सज्जड पुरावा त्याच्या भाटानेच देऊन ठेवला आहे.

उलट बाजूला इब्न अरबशाह. १४०१ मध्ये तैमूरने दमास्कस लुटलं तेव्हा हा लहान मुलगा होता. त्याला तैमूरच्या राजधानीत, समरकंदला नेलं. मोठेपणी त्याने अरबीत तैमूरचं चरित्र लिहिलं, शिव्याशापांनी भरलेलं. पण शेवटाकडे तोच कबूल करतो, की तैमूरला खोटं आवडत नसे, कटू असलं तरी खरं ऐकायला आवडे, बुद्धिबळाचा तो दर्दी होता. घरदार उद्ध्वस्त करणाऱ्याबद्दल हे लिहायला केवढं मन लागलं असेल! म्हणून मला तो सगळ्यांत विश्वासाचा वाटतो.

आणि 'मल्फूजात' नावाचं तैमूरचं तथाकथित आत्मचरित्र? हिंदुस्थानावर आपण का चालून आलो ते तैमूर स्वतः सांगतो, अशी जी वाक्यं आपल्याकडे फिरतात, ती यातली. हे पुस्तक उजेडात आलं शाहजहानच्या दरबारात, तैमूरच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. मूळ तुर्की प्रत कुणी पाहिलेली नाही. बहुतेक अभ्यासक ते बनावट मानतात. 'जफरनाम्या'शी जुळेना म्हणून १६३७ च्या सुमारास शाहजहानने ते दुरुस्त करून घेतलं! तैमूरचा वारसा सांगत 'दुसरा साहिबकिरान' (शुभ ग्रहयुतीवर जन्मलेला, हा तैमूरचा किताब) म्हणवून घेणारा बादशहा तो, त्याला पणजोबांच्या पणजोबांच्याही पणजोबांचं चरित्र नीटनेटकं हवं होतं. त्याआधी वर्षभरच त्याच्या फौजांनी निजामशाही बुडवली होती आणि शहाजीराजांना माहुलीला शरण यावं लागलं होतं. तैमूर आपल्या इतिहासात १३९८ ला संपत नाही, तो असा.

सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर क्लाविखोपासून. स्पेनमधल्या कास्तिल राज्याचा हा वकील, म्हणजे राजदूत, सप्टेंबर १४०४ मध्ये समरकंदला पोचला. म्हाताऱ्या तैमूरच्या पापण्या इतक्या उतरल्या होत्या, की वकिलांना नीट पाहता यावं म्हणून त्याने त्यांना अगदी जवळ बोलावलं, असं तो लिहितो. त्याला ना तैमूरची चाकरी होती, ना त्याच्याशी वैर. मग यझदीचं दिल्लीचं प्रकरण घ्या आणि लगेच अरबशाह. 'मल्फूजात' मात्र या तिघांनंतरच.