ब्रिक लेन ते एमे, व्हाया कॅले: इंग्लिश खाडी लोक का ओलांडतात

लंडन-पॅरिस म्हटलं की सगळे समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी युरोस्टार ट्रेनच पकडतात, दोन-सव्वादोन तासात पोचतात, आयफेलसमोर फोटो काढतात, झालं. आम्ही दोघांनी मुद्दाम लांबचा रस्ता धरला, लंडनमधली फ्रेंच वस्ती, मग डोव्हरहून बोटीने कॅले, आणि तिथून खाली फ्रान्सच्या नैऋत्येला, दोर्दोन्य भागातल्या एमे ह्या इंग्रजांच्या गावापर्यंत. मी स्वतः घर सोडून ब्रिटनमध्ये आलेली, त्यामुळे "ह्या दोन श्रीमंत देशांमधले लोक एकमेकांकडे का जातात बुवा" हा किडा डोक्यात बरीच वर्षं होता. संस्कृतीचं प्रेम, वाईन, शेक्सपिअर वगैरे सगळं ठीके, पण माझं मत असं झालंय की बहुतेक जण आपल्याकडे जे करता येत नाही ते पलीकडे करता येतं म्हणून जातात. बाकी कौतुक नंतर सुचतं.

सुरुवात पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनपासून करा. तिथली जामे मशीद १७४३ मध्ये बांधली ती ह्युगेनॉट म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट लोकांचं चर्च म्हणून, मग मेथडिस्ट चॅपल, १८९८ मध्ये ज्यूंचं सिनेगॉग, आणि १९७६ पासून बांगलादेशी लोकांची मशीद. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांची मुभा काढून घेतली आणि पन्नासेक हजार लोक जीव मुठीत धरून इंग्लंडला आले, त्यात रेशमाचे विणकर बरेच. फोर्निअर स्ट्रीटवर उभं राहून मशिदीच्या भिंतीवरचं १७४३ सालचं सूर्यघड्याळ बघा, आणि मग आजूबाजूच्या घरांच्या माळ्याच्या खिडक्या बघा, केवढ्या रुंद आहेत, कारण मागाला उजेड लागतो. रविवारी बाजाराची तोबा गर्दी असते, आठवड्यातल्या दिवशी सकाळी जा.

लंडनमधल्या आजच्या फ्रेंच वस्तीला, साउथ केन्सिंग्टनला, अर्धा दिवस पुरे. १९१५ मध्ये सुरू झालेली फ्रेंच शाळा तिथे आहे, फ्रान्सचं कॉन्सुलेट आहे, ब्यूट स्ट्रीटवर क्रोसाँ खात फ्रेंच आया मुलांना ओरडत असतात. इथले लोक बँका, पगार आणि टॅक्स ह्यासाठी आले. २०१२ मध्ये फ्रान्सने दहा लाख युरोच्या वरच्या कमाईवर ७५ टक्के टॅक्सची भाषा केली तेव्हा ब्रिटनचे त्या वेळचे पंतप्रधान कॅमेरूनसाहेब उघड म्हणाले होते की या, रेड कार्पेट अंथरतो. आणि नुसते श्रीमंतच नाहीत, पॅरिसमध्ये डिग्री कुठल्या कॉलेजची ह्यावर सगळं अडतं म्हणून कित्येक पोरं बॅग उचलून यायची, कॅफेत काम करत इंग्रजी शिकायची. ते ब्रेक्झिटनंतर बंद झालं. आता स्किल्ड वर्कर व्हिसाला साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो, वेटरला कोण देणार?

आता डोव्हर. सेंट पँक्रासहून हायस्पीड ट्रेन तासाभरात डोव्हर प्रायरीला सोडते, तिथून बंदर चालण्यासारखं नाही, बस किंवा टॅक्सी करा. सगळ्या फेऱ्यांवर पायी प्रवासी घेत नाहीत, गाडीवाल्यांच्याच जास्त असतात, तर बुकिंग करताना ते आधी बघा. फ्रेंच पोलीस पासपोर्ट डोव्हरलाच तपासतात. बोटीला दीड तास. एकच सल्ला, निघताना मागच्या डेकवर जा, पांढरे कडे तिथूनच दिसतात, नंतर चिप्स खायला खूप वेळ आहे.

कॅले लोक वगळतात, हे मला अजिबात पटत नाही. लेसचं म्युझियम, सिते द ला दांतेल, एवढ्या एका गोष्टीसाठी तरी इथे उतरा. गोष्ट भारी आहे. १८१६ च्या सुमाराला नॉटिंगहॅमच्या कारागिरांनी लेस विणायचं मशीन सुटं करून चोरून खाडीपार आणलं, कारण ब्रिटनमधून मशीन बाहेर न्यायला बंदी होती, आणि १८२४ पर्यंत कारागिराला स्वतःलाही बाहेर जायला बंदी होती! पण फ्रान्समध्ये गिऱ्हाईक होतं आणि आयात लेसवर बंदी होती, म्हणजे मशीन तिकडे नेऊन तिथेच माल काढला की झालं काम. घरी यंत्रामुळे पोट मारलं जातंय म्हणून लडाइट लोक रात्री मशीनं फोडत होते तो हाच काळ, हाच नॉटिंगहॅमचा भाग. ज्या पहिल्या लोकांनी मशीन आणलं त्यातल्या एकाचा मुलगा म्हणजे चित्रकार बॉनिंग्टन, तो फ्रान्समध्येच घडला.

जुन्या कारखान्यातच म्युझियम आहे आणि लेस विणायचं लीव्हर्स मशीन खरंच चालवून दाखवतात. आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हजारो दोरे, पितळी चकत्यांसारख्या पातळ बॉबिन, वर भोकं पाडलेली पुठ्ठ्यांची माळ गोल फिरत असते त्यावरून नक्षी ठरते. आणि कापड बाहेर येतं ते काळपट, मळकं! वंगण म्हणून ग्राफाइट वापरतात, ते नंतर धुतात. चालवणाऱ्या आजोबांचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि त्यांनी नवऱ्याशी हात मिळवताना कोपर पुढे केलं. मंगळवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

ह्याच कॅलेत कर्ज बुडवून पळालेले इंग्रजही यायचे. लंडनच्या फॅशनचा राजा ब्यू ब्रमेल १८१६ मध्येच आला, कारण पलीकडे सावकार तुरुंगात टाकत होते आणि इकडे हात पोचत नव्हता. तो परत गेला नाही, १८४० मध्ये फ्रान्समधल्याच काँ शहरात वारला.

आणि मग आजचं कॅले. बंदराभोवती उंच पांढरी कुंपणं, कॅमेरे, आणि रस्त्याकडेला पाठीवर पिशवी घेतलेली विशीतली पोरं, सुदान, एरिट्रिया, अफगाणिस्तानची. २००३ च्या करारानुसार ब्रिटनची तपासणी फ्रान्सच्याच जमिनीवर होते, म्हणून माणसं इथे अडकतात. २०१६ मध्ये त्यांची मोठी छावणी मोडली, २०१८ पासून रबरी होड्या वाढल्या, २०२२ मध्ये ४५ हजारांहून जास्त लोक असे पोचले. २०२१ च्या नोव्हेंबरात एकाच रात्री किमान २७ बुडाले. "फ्रान्समध्येच का थांबत नाहीत" असं सगळे विचारतात, तर बहुतेक थांबतातच, आश्रयाचे अर्ज बऱ्याच वर्षी फ्रान्समध्ये ब्रिटनपेक्षा जास्त असतात. पुढे जाणाऱ्यांचं कारण साधं असतं, भाऊ किंवा मामा तिकडे आहे आणि इंग्रजी येतं. माझं पण तेच होतं, फक्त माझ्याकडे व्हिसा होता. कृपा करून त्यांचे फोटो काढू नका.

पॅरिसला आम्ही फक्त स्टेशन बदललं, गार द्यू नोर ते माँपारनास, मेट्रो ४ नंबर सरळ जाते. मराठी माणसाने एवढं आठवावं की लंडनच्या इंडिया हाउसमधले भारतीय क्रांतिकारक पण लंडन सोडून पॅरिसलाच आले होते. श्यामजी कृष्ण वर्मा १९०७ मध्ये आले, सेनापती बापट बॉम्बची विद्या शिकायला आले, कारण इंग्रज पोलिसांचा हात इथे सहज पोचत नव्हता. सावरकर १९१० मध्ये पॅरिसहून परत गेले आणि १३ मार्चला व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडले गेले. ब्रमेलचे सावकार आणि सावरकरांचे पोलीस, मधे पाणी तेच.

बोर्दोपर्यंत टीजीव्ही म्हणजे फ्रान्सची वेगवान ट्रेन, पुढे बर्जेराकला लोकल गाडी. एमेला रेल्वे नाही, बर्जेराकहून पंचवीसेक किलोमीटर, तर भाड्याची गाडी घ्याच. गाव १२७० मधलं, मधे चौक, चारी बाजूंनी कमानी, आणि गुरुवारच्या बाजारात अर्ध्या गप्पा इंग्रजीत. क्रिकेट क्लब आहे हो गावाला! कारण विचाराल तर सगळे आधी ऊन सांगतात, पण चीजवाल्याच्या रांगेत भेटलेल्या यॉर्कशरच्या आजी सरळ म्हणाल्या, आमचं तिकडचं छोटं घर विकून इथे बागेसकट दगडी घर आलं आणि वर पैसे उरले. ब्रिटनच्या पेन्शनरचा दवाखान्याचा मोठा खर्च एका फॉर्मवर ब्रिटनच उचलतो, हेही एक. आता मात्र नव्याने येणाऱ्याला १८० दिवसांत ९० दिवसच, जास्त राहायचं तर लाँग स्टे व्हिसा, पुरेशा उत्पन्नाचा पुरावा, विमा. त्यामुळे नवीन चेहरे कमी झालेत म्हणे. आणि फ्रान्सच्या कायद्यात वारशात मुलांचा वाटा ठरलेला असतो, दुसऱ्या लग्नाच्या जोडप्यांना ते नंतर कळतं आणि डोक्याला हात लावतात.

भारतीय पासपोर्टवाल्यांनो, ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही, शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र व्हिसा वेगळा. ब्रिटनमध्ये राहत असाल तर तिथून अर्ज करा, नुसते फिरायला आला असाल तर तो भारतातूनच काढून या. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, सुट्टीच्या सीझनला अपॉइंटमेंट मिळत नाही. परत ब्रिटनमध्ये शिरायचंय हे विसरू नका, तिकडचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या हद्दीवर फोटो आणि गरज पडली तर बोटांचे ठसे घेतात, त्याचा वेळ धरा. परतीला बर्जेराकहून स्टॅनस्टेडचं स्वस्त विमान मिळतं, पण हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात किंवा बंदही असतात, तर आधी विमानाची तारीख ठरवा आणि मग एमेचा गुरुवार त्यात बसवा.